घोळाच्या भाजीने खोडलेली नोंद

गेल्या सप्टेंबरात मी माझ्या नोंदवहीतील तीन वर्षांपूर्वीची एक नोंद खोडली. ‘प्लेन टायगर, मादी, सकाळी ९.४०, घरामागचा मोकळा प्लॉट’ अशी ती ओळ होती आणि तिच्यापुढे मी मोठ्या खात्रीने बरोबरची खूण केलेली होती. जे फुलपाखरू सोलापुरात शेंबडे पोरही ओळखेल, त्याच्याविषयी शंका घेण्याचे मला कारणच वाटले नव्हते. ती नोंद खोटी ठरवली घोळाच्या भाजीने.

सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरातला. त्या पंधरवड्यात जुळे सोलापुरातील आमच्या घरामागच्या प्लॉटवर घोळ, टाकळा आणि एकदांडी इतकी माजतात, की एरवी उघडीबोडकी असलेली जमीन ओळखू येत नाही. मी भाजीसाठी घोळ खुडत होते आणि दोन हातांवर एक तांबूस-नारिंगी फुलपाखरू खाली खाली उडत होते. पुढच्या पंखांची टोके काळी, त्या काळ्यात ठसठशीत पांढरा तिरपा पट्टा, म्हणजे प्लेन टायगरच. त्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिलेही नसते. परंतु ते घोळाच्या पानावर टेकले, पोटाचे टोक वाकवून क्षणभर थांबले, उडाले आणि पुन्हा घोळावरच टेकले. फुलपाखरू असे वागते तेव्हा ते मध शोधत नसते, अंडी घालत असते. प्लेन टायगरची मादी अंडी घालते रुईवर, म्हणजे ज्या झाडाचे पान तोडले की पांढरा चीक येतो अशा झाडावर. घोळाशी तिचे काय काम?

मग मी ते फुलपाखरू खऱ्या अर्थाने पाहिले. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध काळ्या ठिपक्यांचा एक पुंजका असतो; मादीत तीन ठिपके दिसतात, नरात चौथा एक मोठा डाग अधिक असतो. माझ्यासमोरच्या फुलपाखराच्या मागच्या पंखाच्या वरच्या कडेला फक्त एक काळा ठिपका होता. ती डॅनेड एगफ्लायची मादी होती. घरात जाऊन जुने छायाचित्र उघडले, मोठे करून पाहिले, तर तिथेही एकच ठिपका. तीन वर्षे मी त्या बाईंना दुसऱ्याच घरच्या समजत होते.

ही सोंगाची गोष्ट फुलपाखरांच्या छंदात सर्वांना लवकर कळते, तरी फसायचे ते फसतातच. प्लेन टायगरची अळी रुईचा चीक पचवते आणि त्यातील विषारी द्रव्ये अंगात साठवते, म्हणून त्या फुलपाखराला पक्षी एकदा चोच लावून सोडून देतात आणि पुढे त्या रंगाच्याच वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लायची अळी घोळासारख्या निरुपद्रवी वनस्पतींवर वाढते. तिच्या अंगी ते विष नसते, परंतु मादीने प्लेन टायगरचे लुगडे हुबेहूब नेसलेले असते. गंमत अशी, की नराने हे सोंग घेतलेलेच नाही. तो काळा असतो, त्याच्या प्रत्येक बाजूच्या पंखांवर तीन पांढरे गोलसर चांदवे असतात आणि उन्हात त्या चांदव्यांच्या कडांना जांभळट निळी झळाळी येते. नवरा-बायको शेजारी बसली तरी नात्यातली वाटणार नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली, तिच्यापूर्वी डॅनेड एगफ्लाय पहिल्या अनुसूचीत होते, म्हणजे नावात टायगर नसलेले हे फुलपाखरू खऱ्या वाघाच्या पंक्तीला बसलेले होते. आणि मी ते भाजीच्या वाफ्यात पाहत होते.

हा छंद मला शाळेत असताना प्रथम लागला, पण त्या वेळचा छंद आठवला की आज संकोच वाटतो. बुटाचे एक रिकामे खोके, तळाला थर्माकोल, आईच्या शिवणाच्या डब्यातील टाचण्या आणि कोपऱ्यात दोन डांबराच्या गोळ्या, एवढी सामग्री. गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत आम्ही आठ दिवस गावी गेलो आणि परत आल्यावर खोके उघडले, तेव्हा मुंग्यांनी पंख तेवढे ठेवून बाकी सर्व नेले होते. मी रडले होते. आता वाटते, मुंग्यांनी फारसे काही नेले नाही, कारण त्या खोक्यात मुळात काहीच नव्हते. संग्रहालयातील टाचलेल्या फुलपाखराखाली एक इवलीशी चिठ्ठी असते, तिच्यावर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने किंमत त्या चिठ्ठीची असते आणि चिठ्ठीवाचूनचे फुलपाखरू म्हणजे केवळ रंगीत धूळ. माझ्या खोक्यात चिठ्ठ्या नव्हत्या. कोणते फुलपाखरू कंबर तलावाच्या काठावरचे आणि कोणते आजोळच्या विहिरीवरचे, हेही मला दोन महिन्यांनी सांगता आले नसते.

आता मी टाचण्या वापरत नाही. अनेक फुलपाखरे कायद्याने संरक्षित आहेत आणि हौशी माणसाने परवानगीवाचून ती पकडून मारणे हा गुन्हा ठरतो, हे एक कारण झाले. परंतु कायदा नसता तरी मी पुन्हा टाचणीकडे वळले नसते. पंख ताणून बसवलेले फुलपाखरू आपल्याला फक्त वरची बाजू दाखवते. ते कसे उडत होते, कोठे बसले, पंख मिटून बसले की उघडून, कोणत्या पानावर पुन्हा पुन्हा परतले, यांपैकी काहीही त्या खोक्यात येत नाही. ओळख पटवायला नेमके तेच लागते. माझा संग्रह आता चार वह्या आणि संगणकातील छायाचित्रे एवढाच आहे, आणि बुटाच्या खोक्यात जे नव्हते ते सर्व त्या वह्यांमध्ये आहे, चुकांसकट.

पुण्या-मुंबईकडचे परिचित मला एक प्रश्न हमखास विचारतात: सोलापुरात फुलपाखरे असतात का? प्रश्नात कुचेष्टा नसते, कीव असते. त्यांच्या डोळ्यांसमोर मे महिन्यातील त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचे ऊन, चादरी आणि शेंगाचटणी एवढेच सोलापूर असते. आमच्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मनात आले तर. भारतात फुलपाखरांच्या १,३०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या सुमारे ३३० एकट्या पश्चिम घाटात सापडतात. त्या घाटानेच ढग अडवून धरल्यामुळे आमच्या वाट्याला ना ढग आले ना त्या जाती. महाराष्ट्राने २२ जून २०१५ रोजी ज्या नीलवंताला, म्हणजे ब्लू मॉरमॉनला, राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले, आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले, तो नीलवंत सात वर्षांत मला सोलापुरात एकदाही दिसलेला नाही.

नीलवंत मी पाहिला आंबोलीत. चार दिवस तिथे होते, आणि स्पष्टच सांगायचे तर ते चार दिवस माझ्या शिकण्याच्या दृष्टीने जवळजवळ वाया गेले. दर दहा पावलांवर नवीन काहीतरी उडत होते, सोबतचे जाणकार नावे घेत होते, मी लिहून घेत होते, आणि परत आल्यावर त्या यादीतील निम्म्या फुलपाखरांचा चेहराही मला आठवेना. सोलापुरात सात वर्षांत माझ्या वहीत एकसष्ट जाती आहेत. घाटातला माणूस एवढ्या जाती एका चांगल्या सकाळी मोजत असेल. पण मी त्या एकसष्टांतील बहुतेकांची अंडी, अळी, झाड आणि हंगाम सांगू शकते, कारण त्याच त्या मंडळींकडे मला वर्षानुवर्षे पाहावे लागले. नवशिक्याला गरीब प्रदेशासारखी शाळा नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. विषय थोडे असतात आणि त्यांची उजळणी भरपूर होते.

इथे एक विषयांतर करते, ते सोलापूरचेच आहे. आमच्या गल्लीत तीन भाषा बोलल्या जातात. शेजारच्या कन्नड आजी फुलपाखराला ‘चिट्टे’ म्हणतात. समोरच्या पद्मशाली काकूंच्या घरात आता मागाचा आवाज येत नाही, पण तेलुगू शब्द कानावर पडतात. त्या म्हणाल्या, आमच्यात त्याला ‘सीताकोकचिलुक’ म्हणतात. कोक म्हणजे साडी आणि चिलुक म्हणजे पोपट, तेव्हा सीतेच्या लुगड्याचा हा पोपट. ज्या समाजाच्या पिढ्या साड्या विणण्यात गेल्या, त्यांच्या भाषेत फुलपाखराच्या अंगावर साडी असावी, हे मला फार आवडले. मराठीतही अलीकडे एकेका जातीला नावे दिली गेली आहेत आणि त्यांतील काही इतकी नेमकी आहेत, की इंग्रजी नाव मागे पडावे. कॉमन जेझेबेलच्या मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला हळदीसारखा पिवळा रंग आणि कडेला कुंकवासारख्या लाल टिकल्यांची ओळ असते. तिला ‘हळदीकुंकू’ म्हणतात. ते नाव एकदा कानावर पडले, की ओळख चुकणे अशक्य. तरी माझ्या नोंदी इंग्रजी नावांनीच आहेत, कारण शंका विचारायची असते ती बहुधा परप्रांतातील माणसाला.

हळदीकुंकवाचा विषय निघालाच आहे, तर त्याचे झाडही सांगते. त्याची अळी बांडगुळावर वाढते. आमच्या ओळखीतील एक गृहस्थ आपल्या आंब्यावरचे बांडगूळ दरवर्षी काढून टाकतात आणि ‘पूर्वी ती पिवळी-लाल फुलपाखरे यायची, आता येत नाहीत’ अशी तक्रारही करतात. आंब्याच्या बाजूने पाहिले तर बांडगूळ काढणे बरोबरच आहे, त्यामुळे मी त्यांच्याशी वाद घालत नाही. परंतु फुलपाखरू आणि झाड यांची गाठ किती पक्की असते, हे मला प्रथम त्यांच्या अंगणात कळले. प्रौढ फुलपाखरू मधासाठी कोणत्याही फुलावर जाईल. एकदांडीवर जाईल, घाणेरीवर जाईल, करडईच्या फुलावरही जाईल. अळी मात्र ठरलेल्या दोन-चार वनस्पतींखेरीज उपाशी मरेल, पण दुसरे पान खाणार नाही. म्हणून मादी ज्या पानावर अंडे घालते, त्या पानावर तिच्या जातीची सही असते. पंखांचे रंग फसवतात, सही सहसा फसवत नाही.

माझ्या घरी हे पाहण्याची सोय कुंडीतल्या लिंबाने केली. लिंबाळी, म्हणजे लाइम बटरफ्लाय, हे बहुतेकांचे पहिले पाळलेले फुलपाखरू असते. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते आणि नेमकी त्यासारखीच पानाच्या मध्यावर बसून राहते. मोठी झाली की हिरवी होते. तिला काडीने किंचित डिवचले, की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगे बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. पहिल्या वर्षी मी कढीपत्त्यावर अशाच अळ्या पाहिल्या आणि सर्वांना लिंबाळी म्हणून मोकळी झाले. कोशातून बाहेर आले ते कॉमन मॉरमॉन. दोघांच्याही अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात आणि वरवर पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात. सही सहसा फसवत नाही, असे मी वर जपून म्हटले ते या प्रसंगामुळे.

कॉमन मॉरमॉनच्या मादीने तर मला वर्षभर छळले. तिची तीन रूपे असतात. एक नरासारखे, दुसरे कॉमन रोझ या फुलपाखरासारखे आणि तिसरे क्रिमसन रोझसारखे. रोझ मंडळी विषारी, मॉरमॉन बिनविषारी. म्हणजे पुन्हा तेच उसने लुगडे. यात एक सोपी खूण आहे आणि ती पंखांवर नाही. रोझचे अंग लाल असते, मॉरमॉनचे अंग काळे. मादीने पंखांची नक्कल केली, पण अंग रंगवायचे राहून गेले. उडत्या फुलपाखराचे अंग पाहायला मात्र सवय लागते, कारण आपले डोळे पंखांवरच खिळलेले असतात. क्रिमसन रोझचे झाड कोणते, हे मी पुष्कळ दिवस पुस्तकी माहिती म्हणून जाणत होते. ते किडामारी नावाची वेल आहे, एवढेच. पुढे एका ज्वारीच्या शेताच्या बांधावर, काळ्या भेगाळ जमिनीत पसरलेली, राखट हिरव्या पानांची एक क्षुद्र वेल दिसली आणि शेतमालकाने सहज तिचे नाव सांगितले. ज्या वेलीवरून मी लहानपणापासून शेकडो वेळा चालत गेले होते, तीच ती. पान चुरगाळल्यावर येणाऱ्या घाण वासावरून मात्र मी ती आता अंधारातही ओळखेन.

कोरड्या मुलखाची म्हणून जी खास फुलपाखरे आहेत, त्यांची गाठ वाघाटीशी पडते. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे आषाढी एकादशी आमच्याकडे दिनदर्शिकेत पाहावी लागत नाही, रस्त्यावर दिसते. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, उपवास सोडताना वाघाटीच्या फळांची भाजी करण्याची रीत अनेक घरांत आहे. त्या एका दिवसापुरती वाघाटी बाजारात येते आणि पुन्हा वर्षभर तिची कोणाला आठवण होत नाही. आकड्यासारख्या काट्यांची ही वेल पायोनियर नावाच्या फुलपाखराच्या अळीचे अन्न आहे. पायोनियर पांढरे असते, शिरा आणि कडा काळ्या, मागच्या पंखाची खालची बाजू पिवळी. घाईत पाहिले तर हळदीकुंकवाचा भास होतो. परंतु हळदीकुंकू झाडांच्या शेंड्यांवरून संथपणे जाते, तर पायोनियर उघड्या माळावरून खालून, सरळ आणि झपाट्याने जाते, जणू एसटी सुटायची वेळ झाली आहे. बार्शी रस्त्याला नान्नजकडच्या माळावर मी हे पुष्कळ पाहिले आहे. माळढोकासाठी ते गाव प्रसिद्ध आहे आणि माणसे दुर्बिणी घेऊन आकाश व क्षितिज पाहत असतात. मी मान खाली घालून चालत असते, त्यामुळे माझे काहीतरी हरवले आहे असे त्यांना वाटते.

हरवल्याचा हा गैरसमज गवतातील निळ्या फुलपाखरांमुळे अधिकच पक्का होतो. दीड-दोन सेंटिमीटर पंखविस्ताराची ही चिमुकली फुलपाखरे आमच्याकडे वर्षभर असतात. बहुतेक माणसे ती पाहतच नाहीत आणि पाहिली तर ‘निळे पाखरू’ म्हणून पुढे जातात. त्यांची ओळख पटवायची तर गुडघ्यांवर बसून, प्रसंगी आडवे होऊन, मिटलेल्या पंखांची खालची बाजू पाहावी लागते. वरचा निळा रंग येथे काहीच सांगत नाही. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाशी असलेल्या बंदिस्त भागात एक ठिपका आहे का, हा पहिला प्रश्न. असेल तर पेल ग्रास ब्लू किंवा डार्क ग्रास ब्लू. नसेल तर लेसर ग्रास ब्लू असण्याचा संभव. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला मधोमध एक ठिपका अधिक असेल, तर टायनी ग्रास ब्लू. मागच्या पंखाच्या कडेला काळे चमकदार ठिपके आणि त्यांना नारिंगी टोप्या असतील तर ते ग्रास ज्युएल, आपल्या देशातील अगदी लहान फुलपाखरांपैकी एक. हे सारे ठिपके मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान असतात. एकदा एका दुचाकीस्वाराने गाडी थांबवून मला विचारले, ‘काकू, कानातलं पडलं का?’ मी ‘नाही, ठिपका शोधतेय’ असे म्हणाले. तो काही न बोलता निघून गेला.

माझी सर्वांत मोठी चूक मात्र फुलपाखराने नव्हे, ऋतूने करवली. कॉमन ईव्हनिंग ब्राउन हे संध्याकाळी उडणारे तपकिरी फुलपाखरू पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळे दिसते. पावसाळी पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे असतात. कोरड्या दिवसांतील पिढीत ते डोळे जवळजवळ पुसले जातात, पंखांच्या कडा कोनदार होतात आणि सगळे फुलपाखरू वाळक्या पानासारखे होते, कारण त्या दिवसांत जमिनीवर वाळकी पानेच असतात. अळी वाढत असतानाच्या हवेवर हे ठरते. मला हे ठाऊक नव्हते, आणि दोन वर्षे माझ्या वहीत एकाच फुलपाखराची दोन पाने होती. दुसऱ्या पानावर ‘नवीन जात?’ असे लिहून मी त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. ती पाने मी फाडलेली नाहीत. भिरभिऱ्यांतही, म्हणजे पॅन्सी गटातही, काही जातींत असा ऋतुभेद असतो. हे आता ठाऊक असल्यामुळे मी नोंदीत तारखेबरोबर ‘शेवटचा पाऊस कधी’ हेही लिहिते.

छायाचित्राविषयी थोडक्यात सांगते, कारण मला त्यातले फारसे कळत नाही. चांगल्या कॅमेऱ्यापेक्षा दोन बाजूंचे दोन फोटो महत्त्वाचे. एक पंख उघडे असताना, एक मिटलेले असताना. तिसरा फोटो झाडाचा. हा तिसरा फोटो कोणी काढत नाही, आणि मग ओळख सांगणाऱ्या जाणकाराला अंदाजाने बोलावे लागते. मोबाइलमधील ओळख सांगणारी ॲप उपयोगी आहेत, मीही वापरते; पण तीन वर्षांपूर्वीच्या माझ्या त्या फोटोला ॲपनेही प्लेन टायगरच म्हटले होते आणि मी तेव्हा ते पुरावा म्हणून मान्य केले होते. आम्ही दोघांनी मिळून एकच चूक केली. सकाळी साडेआठ ते दहा ही वेळ उत्तम, कारण फुलपाखरे तेव्हा पंख उघडून ऊन खात बसतात आणि जवळ जाऊ देतात. मे महिन्यात हीच वेळ सातच्या आत गाठावी लागते.

काही ओळी मी कोऱ्या ठेवते. स्किपर गटातील काही तपकिरी फुलपाखरे छायाचित्रावरून ओळखताच येत नाहीत. शास्त्रज्ञांनाही त्यांची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात. अशा ठिकाणी ‘स्किपर, जात अनिश्चित’ एवढेच लिहून थांबावे. आकडा वाढवण्याच्या मोहात अंदाजाने नाव लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, त्यात पूर्वीची मीही आली.

आता सासऱ्यांच्या बागेविषयी. माझे सासर सांगोला तालुक्यातले, आणि सांगोल्यात शेत म्हणजे बहुतेकदा डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून सोलापुरातच आहे, तेव्हा या फळाचा आम्हाला अभिमान असणे साहजिक आहे. या फळाचे जे शत्रू आहेत, त्यांतील एक फुलपाखरू आहे. शेतकरी त्याला सुरसा म्हणतात. छंदातील माणसे कॉमन ग्वावा ब्लू म्हणतात. मादी कळीवर, फुलावर किंवा कोवळ्या फळावर अंडे घालते, अळी आत शिरून दाणे खाते, आणि फळाला पडलेल्या भोकातून विष्ठा व दुर्गंधी बाहेर येते. फळ गळून पडू नये म्हणून ही अळी बाहेर येऊन देठ फांदीला रेशमाने बांधून ठेवते, असे मी वाचले होते. घर पडू नये म्हणून भाडेकरूने खांबाला दोर बांधावा, तसे.

हे सर्व मी मोठ्या उत्साहाने सासऱ्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “सूनबाई, तुम्हांला ते वहीत पाहिजे, आम्हांला बागेत नको. एवढाच काय तो फरक.” त्यांच्या दृष्टीने सुरसा लागलेली फळे तोडून खड्ड्यात पुरायची असतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. तरी त्यांनी मला एक फळ दिले. “एकच. आणि शहरात न्या.”

ते फळ मी तोंडाला मलमलीचे फडके बांधलेल्या काचेच्या बरणीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. घरच्यांनी पाच दिवस वास सहन केला, मग बरणी गच्चीच्या जिन्यात गेली. अळी आतच कोशात गेली असावी, कारण बाहेर काहीच दिसेना. सतराव्या दिवशी सकाळी भाकरी थापत असताना मुलीने हाक मारली. भोकातून बाहेर येऊन ते फडक्याला उलटे लटकले होते, पंख ओले आणि चुरगळलेले. तासाभरात ते ताठ झाले. वरून तपकिरी, त्यात जांभळट छटा, पुढच्या पंखावर नारिंगी डाग, म्हणजे मादी. नर असता तर निळा-जांभळा चकाकला असता. खालची बाजू राखट, तिच्यावर पुसट आडवे पट्टे, मागच्या पंखाला बारीक शेपूट. दोन्ही बाजूंचे फोटो घेतले, आणि तिसरा फोटो भोक पडलेल्या डाळिंबाचा.

वहीत जात लिहिण्याआधी मी झाड लिहिले. तसे करण्याची माझी ही पहिलीच वेळ होती. मग बरणीचे फडके सोडले. ती थोडा वेळ कठड्यावर बसली आणि उडून शेजारच्या कन्नड आजींच्या पेरूवर गेली. पेरूही तिला चालतो. आजींना हे मी अजून सांगितलेले नाही, आणि सासऱ्यांना सांगण्याचा तर प्रश्नच नाही.